फडकं पिळण्याची वेळ

"ताप गेला, व्हायरस गेला, पण त्याचं भांडण तुमच्या सांध्यांत राहून गेलंय," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर निदान लिहिलं, पोस्ट-चिकनगुनिया आर्थ्रायटिस. म्हणजे चिकनगुनियाचा ताप उतरल्यावरही सांध्यांची सूज आणि दुखणं चालूच राहणं. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचं तीन महिन्यांत जातं, कोणाचं दोन वर्षं राहतं. नेमकं सांगता येत नाही."

मी मध्य प्रदेशातल्या बुरहानपूरच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते. "नेमकं सांगता येत नाही" हे उत्तर मी मुलांकडूनही चालवून घेत नाही. पण त्या दिवशी निमूटपणे उठले, कारण उठायलाच दोन मिनिटं लागली.

ताप आला तो गणपतीनंतरच्या आठवड्यात. बुधवारा पेठेतल्या आमच्या गल्लीत घरटी एक जण आडवा होता, त्यामुळे कोणाला विशेष वाटलं नाही. चार दिवसांत ताप उतरला. मऊ भात खाऊन मी शाळेत गेले, सगळे म्हणाले, सुटलात मॅडम. महिना होत आला आणि एका सकाळी उजवी मूठ मिटेना. दुधाची पिशवी दाताने फाडली. वर्गात खडू हातातून पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीने उचलून दिला. पुन्हा पडला, तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा तिने तो आपल्याच हातात ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, मैं लिख दूँ?"

मी जिन्यात जाऊन रडले. पंधरवड्याने दहावीचं गणित दुसऱ्या सरांकडे गेलं आणि मला ग्रंथालयात बसवलं. मुख्याध्यापक चांगलेच वागले. म्हणाले, फळ्यावर पूर्ण तास लिहिता येईल तेव्हा सांगा, वर्ग तुमचाच आहे. मला तो वर्ग परत हवा होता. त्या वर्षात मी दुसरं काही मागितलं नाही.

तपासण्या भरपूर झाल्या. आरए फॅक्टर, म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटलं आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. ती निगेटिव्ह आली. ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात त्यावरून अंगातल्या सुजेचा अंदाज; तो जरासा वाढलेला. एक्स-रे स्वच्छ. रिपोर्ट चांगले आले की घरचे पेढे आणायला निघतात आणि दुखणाऱ्याला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, मनावर कुठे, मनगटावर घेतलंय.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, रिपोर्ट नॉर्मल असणं आणि तुम्ही बरे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरंच रडणं वाचलं असतं.

माझं खरं शिक्षण झालं ते फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर. आत हातांना मेणाचा शेक द्यायचे, वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवून थर चढवायचे. नंबर यायला तासभर लागे. शेजारी बहादरपूरच्या कमलबाई असत. त्यांची केळीची बाग आहे, आणि बोटं अशी सुजलेली की बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या होत्या. समोर रशीदभाई, पॉवरलूमवर तीस वर्षं काढलेले. आता तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नव्हती. आम्ही एकमेकांना असे प्रश्न विचारायचो जे आत कोणी विचारत नव्हतं. सकाळी जास्त की संध्याकाळी? थंड पाण्याने वाढतं का? भाकरी थापल्यावर त्याच दिवशी दुखतं की दुसऱ्या दिवशी?

मास्तरणीचा हात शिवशिवलाच. मी वह्या आणल्या, घरच्यांकडून रकाने आखून घेतले. तारीख, औषध, काम, आणि दुखणं शून्य ते दहा. बघता बघता आम्ही चौदा जण झालो.

या वह्या तिथे येणाऱ्या डॉ. शाल्मली यांच्या नजरेस पडल्या. तरुण मुलगी, इंदूरला एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी. ती म्हणाली, याला पेशंट-लेड रिसर्च म्हणतात, रुग्णांनी चालवलेलं संशोधन. म्हणजे प्रश्न रुग्णांनी काढायचे, नोंदी त्यांनी ठेवायच्या, डॉक्टरांनी पद्धत शिकवून सोबत करायची. तिने रीतसर परवानग्या काढल्या, आमच्या संमतीपत्रांवर सह्या घेतल्या. तिच्या सरांचा मात्र फारसा विश्वास नव्हता. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "पेशंटच्या सांगण्यात भावना फार असतात. बघू." त्या "बघू"वर आम्ही चार महिने नेटाने वह्या भरल्या.

मग शाल्मलीने सगळ्या वह्यांचे आलेख काढले आणि लॅपटॉप घेऊन धावतच आली. "मॅडम, देखिए तो!" दुखण्याची रेघ सहा-सातवर चालायची आणि ठरावीक दिवशी धाडकन शून्यावर यायची. माझी दर गुरुवारी, कमलबाईंची दर सोमवारी, चतुर्थीला तर निम्म्या बायकांची एकदम. उपवासाचे दिवस! उपवासाने सांध्यांची सूज उतरते की काय? मोठे सरही पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, हे लिहून पाठवू या.

सगळे टाळ्या वाजवत होते, मी मात्र माझी वही मिटून घेतली. कारण गुरुवारी मला किती दुखायचं ते मला ठाऊक होतं. तो शून्य मी पेन्सिल मुठीत धरून, दात-ओठ खाऊन काढलेला असायचा.

आमच्या घरात उपवासाच्या दिवशी कुरकुर करायची नाही. आई म्हणायची, उपास धरून रडगाणं गायलं तर केलेलं सगळं वाया जातं. मग ती कुरकुर माणसाजवळ असो की वहीत. मी हे ठरवून केलं नव्हतं, हात आपोआप शून्याकडे जायचा. आणि मी, वर्गात कॉपी करणाऱ्याला बाहेर काढणारी बाई, त्या बैठकीत गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बहादरपूरला गेले. कमलबाईंना सरळ विचारलं, सोमवारी खरंच दुखत नाही?

"दुखते ना वो बाई! त्या दिवशी तं जास्तच. गोळी नाही ना घेत मी. रिकाम्या पोटी कोन घेते?"

"मग शून्य का लिहिलं?"

"मंग काय लिहू? दुखते दुखते म्हनत बसाचं तं उपास कशाले धरला मी?"

रशीदभाईंकडे गेले. रमजान चालू होता आणि त्यांच्या वहीत पहिल्या रोज्यापासून शून्यांची माळ होती. ते हसले. "मॅडम, रोज़े में शिकायत नहीं करते. सब्र का महीना है. हाथ तो रोता था."

मग उरलेल्यांनाही विचारलं. चौदा घरं, निरनिराळे देव, आणि चूक सगळ्यांची एकच.

आता माझी पंचाईत बघा. गप्प राहिले तर उपवासाने गुण येतो असं छापून जाणार, आणि कुठली तरी कमलबाई ते ऐकून गोळ्या सोडून देणार. खरं सांगितलं तर मोठे सर म्हणणार, बघा, पेशंटच्या वह्यांना अर्थ नसतो. मग संशोधन बंद, आम्ही पुन्हा बाकावर. आणि रिपोर्टांनी तर आम्हाला आधीच खोटं ठरवलं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलवर सगळं सांगून टाकलं. शाल्मलीचा चेहरा उतरला. मोठे सर म्हणाले, "हीच तर अडचण असते. आता या नोंदी टाकूनच द्याव्या लागतील."

मला संताप आला. म्हटलं, "सर, प्रश्न मी काढला होता आणि तो चुकला. पेपरात प्रश्न चुकला तर आम्ही मुलांना नापास करत नाही, प्रश्न बदलतो. एक महिना द्या."

दिला त्यांनी. कदाचित मला गप्प करण्यासाठी दिला असेल, पण दिला.

नवा प्रश्न असा हवा होता, ज्याचं उत्तर देताना कुरकुर करावी लागणार नाही. आम्ही चौदा जण बाकावर बसून भांडलो. मी दोन कोष्टकं मांडली, कोणाला पटली नाहीत. शेवटी कमलबाई म्हणाल्या, "मी सकाळी ओटा पुसते ना, फडकं पिळता आलं म्हंजे समजते का हात जागा झाला. कधी सातले, कधी दहाले."

झालं! फडकं प्रत्येक घरात असतं. उपवासाच्या दिवशी तर ओटा दोनदा पुसला जातो. रशीदभाई म्हणाले, मी आंघोळीनंतर गमछा पिळतो, चालेल? चालेल. पाणी गळायचं थांबेपर्यंत पिळता आलं की घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची. दुखतं का, हे कोणी विचारायचंच नाही.

महिन्याने शाल्मलीने पुन्हा आलेख काढला आणि रेघ उलटी फिरली. उपवासाच्या सकाळी फडकं सगळ्यात उशिरा पिळलं जात होतं, आणि दुसऱ्या दिवशीही हात मागेच राहायचा. मोठ्या सरांनी तो कागद दोनदा वरखाली केला. "मॉर्निंग स्टिफनेस, म्हणजे सकाळी सांधे आखडून राहणं, आम्ही प्रत्येकाला विचारतो. लोक म्हणतात, थोडा वेळ. असं घड्याळ लावून आजवर कोणी आणून दिलं नव्हतं." मग थांबून म्हणाले, "मॅडम, हे आमच्या फॉर्ममध्ये घ्यायचं आहे. या तपासणीला नाव काय देऊ?"

कमलबाई मागून ओरडल्या, "फडकंच ठेवा ना!"

आणि तेच ठेवलं. इंग्रजी फॉर्मच्या मधोमध देवनागरीत छापलंय, फडकं. आता तो फॉर्म दुसऱ्या गावांतल्या रुग्णांकडेही जातो. त्या दिवशी आम्ही फिजिओच्या बाहेर जिलेबी वाटली आणि मेणाचे हात घेऊन रशीदभाई टाळ्या वाजवायला निघाले होते.

उपवास कोणी सोडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फराळाचं केळं आणि दूध घ्या, त्यावर गोळी घ्या. कमलबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, एवढी केळी पिकवतो आम्ही, अन् हे कोनाच्या डोक्यात नाही आलं. तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. आणि विचाराल तेव्हा खरं सांगा, उपवास असला तरी.

माझ्या वहीत फडकं पावणेदहावरून आठवर आलं, मग सातवर. नव्या सत्राच्या आधी ते सलग वीस दिवस साडेसहाच्या आत पिळलं गेलं. ती वही मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती चाळली, फारसं काही कळलं नाही, पण दहावीचं वेळापत्रक माझ्याकडे सरकवलं.

पहिला तास गुरुवारी आला. केळं, दूध, गोळी घेऊन गेले. फळ्याखाली बादलीत ओलं फडकं होतं. पहिल्या बाकावरची नवी मुलगी उठली, "मॅडम, मैं कर दूँ?"

"बैठ बेटा," म्हटलं. फडकं उचललं, पिळलं. पाण्याची धार बादलीत पडली, मग थेंब, मग थेंबही थांबले. फळा पुसला आणि पूर्ण तास लिहिलं. शेवटचं उदाहरण जरा तिरकं गेलं, तेही पुसून पुन्हा लिहिलं. मुलांना वाटलं, बाई उगाच हसतायत.

मी पूर्ण बरी झालेले नाही. थंडीत बोटं कुरकुरतात, जड कुकर अजून हे उतरवतात. पण ज्या तेरा जणांनी माझ्याबरोबर फडकी पिळली, त्यांच्यामुळे मला माझा हात परत मिळाला आणि त्याचं खरं बोलायची हिंमतही. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, उपवास सोडला आणि वही उघडली. दुखण्याचा जुना रकाना आम्ही काढून टाकला नव्हता, नुसता रिकामा ठेवायचो. त्यात, गुरुवार असूनही, मी ठळक अक्षरात लिहिलं, तीन.