आईला न सांगता

आत्याचा संशयी स्वभाव नोकरीतून आला की स्वभावामुळेच तिला ती नोकरी मिळाली, हे आमच्या घरात कुणालाच ठरवता आलं नाही. साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर ती कामावरून सुटणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायची. निवृत्त झाली तरी नजर तीच. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकजण काहीतरी लपवतोय, हे तिच्या दृष्टीने ठरलेलं.

त्यात दादा आणि वहिनी, म्हणजे तिचा मुलगा आणि सून, तिच्यासमोर इंग्रजीत बोलायला लागले. ती खोलीत आली की भाषा बदलायची.

"माझ्याबद्दलच बोलतात," ती मला म्हणाली. "चांगलं बोलायचं तर मराठी काय वाईट आहे?"

तिने वाचनालयातल्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं. घरी सांगितलं, गुडघ्यांचा व्यायाम शिकायला जाते. मी नेहमी सोबत असायचे, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

दाराआडून तिच्या कानावर तीन तुकडे पडले होते: 'फॉर टू मंथ्स', 'द बिग सूटकेस' आणि 'विदाउट टेलिंग मदर'. अर्थ कळल्यावर तिचा चेहरा उतरला. दोन महिन्यांसाठी, मोठी सुटकेस, आईला न सांगता.

"मला वृद्धाश्रमात टाकणार. आधी दोन महिने, मग कायमचं."

पुढच्या तासाला तिने ते तिन्ही तुकडे सरांपुढे ठेवले. "सर, या वाक्यांचा नीट अर्थ सांगा."

"बाई, ही वाक्यं नाहीतच. नुसते शब्दसमूह आहेत. यांत कर्ता कुठाय? क्रियापद कुठाय?"

"टेलिंग आहे की! टेलिंग म्हणजे सांगणं."

"पण सांगत नाहीये कोण? मी 'आईला न सांगता' एवढंच म्हणून थांबलो, तर तुम्ही काय विचाराल?"

"कोण? आणि काय केलं?"

"तेच यात नाही. कोण आणि काय केलं, ही दोन्ही उत्तरं मिळाली की समजा वाक्य झालं. तोवर अर्थ अर्धाच."

येताना आत्या म्हणाली, "हा मास्तर दादाच्या ओळखीचा तर नाही ना गं? कसा सारवासारव करत होता!"

तरी त्या दिवसापासून ती पूर्ण वाक्याच्या मागावर राहिली. सुटकेस माळ्यावरून खाली आली, तेव्हा ती जेवेना. माझ्याकडे राहायला येऊ का, असंही विचारून झालं.

एका दुपारी दादा लवकर घरी आला. स्वयंपाकघरात वहिनीशी दबक्या आवाजात बोलू लागला. आत्याने मला दंडाला धरून दाराशी थांबवलं. आतून शब्द आले, "येस, आय हॅव लॉस्ट माय जॉब, बट आय कान्ट टेल हर."

आत्याचे ओठ हलले. "आय... कर्ता. हॅव लॉस्ट..." तिने माझ्याकडे पाहिलं. मग दार ढकललं.

"कुणाची नोकरी गेली?"

वहिनीच बोलली. कंपनीने त्याचा विभागच बंद केला होता. महिनाभर तो रोज डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसायचा. दुसऱ्या गावी नवीन काम दोन महिने शिकायला जायचं ठरत होतं.

"तुम्हाला धक्का बसेल म्हणून—"

"धक्का? अगं, मला वाटलं मलाच घालवताय!" आत्या ओरडली आणि रडायलाच लागली. "जन्मभर लोकांच्या पिशव्या उघडल्या मी. पोटचं पोर रोज समोरून जात होतं, त्याचं तोंड नाही दिसलं मला."

दादा तिच्याजवळ जमिनीवर बसला. "आई, तुझी फार भीती वाटते गं. तू लगेच ओळखतेस."

"कुठे ओळखलं?" ती म्हणाली.

दादा गेला, शिकून आला आणि त्याला काम लागलं. घरात इंग्रजी बंद झाली. आत्याचा वर्ग मात्र चालूच राहिला, आता घरी सांगून.

दादाच्या नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिने मला फोन केला. "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." त्याच्या कंपनीच्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर आम्ही बसलो. दोन बस सोडल्या. अखेर दादा गळ्यात ओळखपत्र घालून सहकाऱ्यांबरोबर हसत बाहेर आला, तेव्हा कुठे ती उठली.

"ओळखपत्र खरं दिसतंय," ती म्हणाली.