काकांनी सोडलेला तरोटा

कुठलंही पान हातात आलं की मॅडम आधी त्याचा तुकडा चावायच्या, डोळे मिटून. मग म्हणायच्या, "आधी जीभ, मग मशीन."

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या रानभाज्यांमधले अँटिऑक्सिडंट तपासायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली होते. जांभळ्या द्रावणात पानांचा अर्क घालायचा. अर्कात दम असला की रंग उडून पिवळा होतो. मॅडमना याचं दर वेळी नव्याने कौतुक. "पाहा वं, कसं पिवळं होऊन राहिलं," म्हणत त्या शेजारच्या विभागातून लोकांना बोलावून आणायच्या. लोकही बिचारे यायचे.

त्यांच्यासोबत जरीपटक्याच्या बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच. अंबाडी, घोळ, कुड्याची फुलं, सगळ्यांची चव घेतल्याशिवाय पाय निघत नसे. एका विद्यार्थ्याने सीताबर्डीतून कसल्याशा परदेशी फळांच्या पावडरीचा डबा आणला, तर त्याला जवळ बसवून विचारलं, "आवळ्यानं तुझं काय बिघडवलं गा?" आणि चव पाहता पाहता डबा अर्धा केला.

खरा जीव मात्र तरोट्यावर, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्यावर. त्याची भाजी कोवळ्या पानांचीच करतात. पानं जून झाली की कोणी हात लावत नाही. कोवळ्या आणि जून पानांत नेमका काय फरक असतो, ते मॅडमना दाखवायचं होतं. जागा बदलली की माती बदलते, म्हणून त्या कन्हान नदीच्या काठावरच्या एकाच जागेतला तरोटा घेत. जून पानांचं काम झालं होतं, कोवळ्यांचं राहिलं होतं. आणि येत्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होणार होत्या.

एका रविवारी आम्ही पिशवीभर कोवळी पानं खुडून आणली. कॉलेज बंद, म्हणून ती मॅडमच्या घरी फ्रिजमध्ये ठेवली. घरात स्वयंपाक काका, म्हणजे मॅडमचे यजमान, करायचे. सोमवारी मॅडमनी माझ्यापुढे जेवणाचा डबा उघडला. आत लसणाची फोडणी दिलेली तरोट्याची भाजी.

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी. तुझे काका म्हणतात, मले वाटलं भाजीलेच आणली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी पोळी मोडली. "रडून काहून राहिली वं? जेव. मस्त झाली."

पुढे पावसाची झड लागली. पुन्हा काठावर गेलो तोवर पानं जून झाली होती. मॅडमनी एक पान खुडलं आणि न चावताच टाकून दिलं. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

काकांना त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण काशीला जाऊन एखादी भाजी सोडतात, तसा काकांनी घरबसल्या तरोटा सोडला.

उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. प्रयोगशाळा फार शांत झाली, मला ती शांतता आवडत नाही. यंदा पावसाळ्यात मी एकटीच कन्हानला गेले आणि चावी मागून घेऊन पानं थेट प्रयोगशाळेत आणली. ती वाळली, अर्क तयार झाला, द्रावणात घातला. जून पानांपेक्षा रंग कितीतरी लवकर उडाला. मी तिथूनच फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. फोन तसाच हातात धरून त्यांनी काकांना हाक मारली, "अहो, बाजारात जाऊन राहिले ना? तरोटा आणा. भाजी तुम्हीच करा."