गेरूची खूण

खतासाठी दर उन्हाळ्यात आमच्या कनेरगावच्या शेतात मेंढरं बसवायला येणाऱ्या मावशींचे हात मी कधी रिकामे पाहिले नाहीत. चालताना, बोलताना, अगदी भांडतानाही लोकर कातायची टकळी फिरतच असायची. "बसा मावशी" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "बसून काय व्हनार मास्तर?"

त्या वर्षी त्यांना शौचावाटे रक्त जायला लागलं. दोनदा दुर्बीण घालूनही जागा सापडेना. तोंड पांढरंफटक पडलं, तेव्हा मीच त्यांना हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना मराठीत सांगितलं, "तुमच्याच रक्ताला किरणांचं औषध लावून ते परत अंगात सोडणार. जिथं गळतंय तिथं कॅमेऱ्यात डाग दिसंल. पण हलायचं नाही."

"म्हंजे गेरूच की," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या कळपात घुसलेलं मेंढरू ओळखू यावं, म्हणून त्या मेंढरांच्या पाठीवर गेरू लावत.

टकळी माझ्या हातात देऊन त्या कॅमेऱ्याखाली झोपल्या. तास उलटला, पडद्यावर डाग दिसेना. मशीनवरचा माणूस म्हणाला, "अम्मा, थोडा उठ जाओ, बाद में फिर देखेंगे."

"काहून उठू? म्या उठले अन् तवाच गळालं तर?"

त्यांनी बोटसुद्धा हलवलं नाही.

बऱ्याच वेळानं पोटाच्या उजव्या बाजूला एक ठिपका उमटला आणि गडद होत गेला.

"सापडलं का मास्तर?"

"सापडलं, मावशी."

"मंग आता त्याला सोडू नका म्हनावं," त्या म्हणाल्या आणि पडल्या पडल्याच माझ्यापुढं हात केला, "आना टकळी."