कुसुमाची लाख

बालाजी घाटावरच्या गल्लीत दुपारी लाखेचा वास यायचा. गोडसर, थोडा जळका. मी त्याच्या मागे मागे जायचो. वास ढुंढिराजच्या अंगणात संपायचा.

ढुंढिराज माझ्याबरोबर बी. ए.ला होता. त्याचे वडील विश्वेश्वरशास्त्री, म्हणजे अप्पा, घरी मुलांना वेद शिकवत. तोही सोळाव्या वर्षापर्यंत तेच शिकला. मग एकदा चौकाकडे जाताना तो एका म्हाताऱ्या लहेऱ्याच्या दुकानासमोर थांबला. लहेरी म्हणजे लाखेच्या बांगड्या करणारा. म्हाताऱ्याच्या हातात तापलेली लाख कणकेसारखी वळत होती. ढुंढिराज तीन तास उभा राहिला. पुढे चार वर्षं कॉलेज सांभाळून रोज त्याच्याकडे शिकायला जात राहिला.

१९९४च्या पावसाळ्यानंतर त्याने आपली शेगडी मांडली. घरच्याच अंगणात.

मी नुसता बघत बसायचो. कुसुमाच्या झाडावरची लाख, तिच्यात राळ, चिमूटभर पांढरी माती. निखाऱ्यांवर सगळं मऊ व्हायचं. वरून लाल लाखेची कांडी फिरवली की रंग हळूहळू पसरायचा, जणू आतूनच उमलत होता. मग लाकडी पट्टीखाली लाटून लांब दोरी व्हायची. ती तोडायची, टोकं जुळवायची, साच्यावर चढवायची. एक बांगडी. थंडीत गंगेवरचं धुकं पायऱ्या चढून अंगणापर्यंत यायचं आणि मला वाटायचं, आपण झोपेत आहोत, हे सगळं दुसरंच कुणीतरी बघतंय.

“कवी, तोंड मीट. माशी जाईल,” ढुंढिराज म्हणायचा.

“मी कविता करत नाही.”

“म्हणून तर म्हणतो यार, काहीतरी कर.”

ब्राह्मणाने लाख विकली की तो त्या क्षणी पतित होतो, असं शास्त्र सांगतं. अप्पांना ते पाठ होतं. ढुंढिराजलाही. पहिली बांगडी विकली गेली त्या दिवसापासून त्याचं पान अंगणात मांडलं जाई. अप्पा आत जेवत. त्याची आई, प्रभावतीकाकू, दोन्हीकडे वाढत. पाच महिने बापलेकांत एक शब्द नव्हता.

“सकाळी मुलांची संथा चालते ना, तेव्हा अप्पांचा आवाज ऐकतो,” तो एकदा म्हणाला. “सगळ्यांना हाका मारतात. मला सोडून.” आणि लाख वळत राहिला.

माघातली गोष्ट. मुलं घरी गेली होती. अप्पा बाहेर आले आणि शेगडीपाशी उकिडवे बसले. त्यांनी एक बांगडी उचलली, उजेडात धरली.

“यात काय काय असतं?” त्यांनी बांगडीलाच विचारलं.

“लाख, राळ, माती, रंग,” ढुंढिराज म्हणाला.

“बाजारात मिळतात त्यांत माती निम्म्याहून जास्त असते म्हणे.”

“असते.”

“म्हणजे तो मातीचाच जिन्नस झाला. माती विकून कुणी पतित होत नाही. तुझ्या बांगडीतही तेवढीच असेल.”

तेव्हा कुठे मला कळलं ते का आले होते. किती दिवस ग्रंथ उलटले असतील त्यांनी. काकू दारात थांबल्या, हातात पळी तशीच. एक ‘हो’ पुरेसं होतं.

“नाही अप्पा,” ढुंढिराज म्हणाला. “माझ्यात लाखच जास्त. माती वाढवली की बांगडी आपटल्यावर तुटते. मी तशी करत नाही.”

“विचार करून बोल.”

“करूनच बोलतोय.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. इतकी पुस्तकं वाचलेला मी, पटकन ‘हो’ म्हणालो असतो.

अप्पांनी बांगडी जिथून उचलली तिथे ठेवली.

“गाढव आहेस, ढुंढिराज,” ते म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं. “तुझे आजोबाही असलेच. वेद म्हणताना एक स्वर चुकला, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हे भर सभेत उठून सांगतात, माझं चुकलं. दक्षिणा परत देऊन आले.”

“मला नव्हतं माहीत.”

“कोण सांगणार? घरात सगळे चिडलेले.”

पानं मांडली गेली. ढुंढिराजचं अंगणातच, नियम हलला नाही. अप्पांनी मात्र आपला पाट उचलला, उंबरठ्यापर्यंत आणला आणि आतल्या बाजूला मांडला. ताट ओढून घेतलं. आत ते, बाहेर तो, मध्ये वीतभर लाकूड.

“त्याला तूप वाढ,” ते काकूंना म्हणाले. मग उंबरठ्यावरून थोडे वाकले. “कुसुमाचीच लाख का? पळसाची का नाही चालत?”

ढुंढिराजने घास खाली ठेवला आणि सांगायला लागला.