शालूवहिनी आणि दोरीवरचे कपडे

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक माणूस मी पदरचा घातलाय, पण तो कोण ते शेवटी. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या रेल्वे ऑफिसात फायलींपेक्षा घरखरेदीचे किस्से जास्त साचायला लागले. त्यातले निम्मे बोंद्रेंच्या बायकोचे, म्हणजे शालूवहिनींचे.

बोंद्रे आमचे हेडक्लार्क, दोन वर्षांत रिटायर होणार. राहायला तात्यापारा मोहल्ल्यात वडिलांचं घर होतं, पण धाकट्या पोट्टीचं इंजिनिअरिंग बाकी. पीएफच्या पैशात भाड्यानं द्यायला एकच घर येणार होतं. ते चाललं तर पोट्टी शिकणार, नाही तर नाही.

*

पहिलंच घर. दलाल हॉल दाखवतोय, मार्बल दाखवतोय आणि वहिनी थेट गच्चीवर! तिथून शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवरचे कपडे बघत उभ्या.

"दीदी, घर देखने आई हो कि कपड़े?"

"कपडेच पाहून राहिली. भाडं काय भिंती देतात का भैया?"

दलालानं बोंद्रेंकडे बघितलं. बोंद्रेंनी आभाळाकडे.

*

बूढापाऱ्यातलं घर स्वस्त, बाजार दोन पावलांवर. आम्ही सगळे म्हणालो, घेऊन टाका. वहिनी भर दुपारी जाऊन आल्या आणि नाही म्हणाल्या.

"काहून?" बोंद्रे.

"साडेबाराला गल्लीभर दोऱ्यांवरून पाणी टपकून राहिलं. म्हणजे नळ बाराला येते. नोकरीवाली बाई बाराला कपडे धुवाले घरी बसन का?"

ते घर मग दुर्गच्या कुण्या शहाण्यानं घेतलं.

*

शंकर नगरात दोन खोल्यांचं घर निघालं. गच्चीवरून बघावं तिकडे पुरुषांचे शर्ट. एक साडी नाही, एक फ्रॉक नाही. भोपाळहून बदलून आलेले सरकारी लोक, एकेका खोलीत चौघं. वहिनी म्हणाल्या, "हेच घ्या."

"अवं, इथं फॅमिली कुठं हाय?"

"भोपाळात. पोरांच्या परीक्षा आटपू द्या, येतेत साऱ्या."

बोंद्रे ऑफिसात येऊन म्हणाले, "पसंती तिची, सही माझी. आता चहा तरी तुम्ही पाजा."

*

घर चार महिने रिकामं. मग चार इंजिनिअर आले, भाडंही चांगलं देत होते. बोंद्रे चावी घेऊन उठलेच होते.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "हे चौघं चार दिशेला जातीन. शाळेतल्या पोरांचं बिऱ्हाड पाच वर्षं हलत नाही." आणि त्या चौघांना म्हणाल्या, "ज्याची बायको येनार असन, त्यानं एप्रिलात या."

चौघं हसत गेले. आम्हीही हसलो. पोट्टीच्या ॲडमिशनची तारीख जवळ आली आणि बोंद्रे कँटीनला यायचे बंद झाले.

*

एप्रिलात त्या चौघांतलाच एक आला. सोबत बायको, दोन मुलं. तो नळ सोडून बघत होता, बटणं दाबून बघत होता. बाई मात्र कुणाला न विचारता जिना चढली. कठड्याशी उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, चारी बाजूंच्या दोऱ्या न्याहाळत राहिली.

मागून गेलेल्या वहिनी शेवटच्या पायरीवरच थांबल्या. तिथूनच खाली बोंद्रेंना म्हणाल्या, "चावी देऊन टाका. भाडं मंग ठरवू."

पोट्टीची डिग्री हातात येईपर्यंत ते बिऱ्हाड हललं नाही.

आता कबुली. बूढापाऱ्यातलं घर घेणारा दुर्गचा तो शहाणा मी रचलाय. आमच्याकडे कपडे अजून बाराला धुतात.