शेवटच्या धुण्यातलं डिटर्जंट

आष्टीच्या बाजारातल्या मटणवाल्या मामूंकडून मी बकऱ्याचं बाटलीभर रक्त घेते.

"मॅडम, लई खोचक बोलता. फेकायच्या मालाचा बी भाव पाडता."

"फेकायचाच हाय ना? मग पैसे कावून मागता?"

मी शिकवते त्या कॉलेजातल्या माझ्या प्रयोगाच्या खोलीत त्या रक्तातल्या पेशी फोडल्या की त्यांची पांढरट आवरणं मागे राहतात. त्यांतलं एक प्रथिन मला धड आणि शुद्ध हवं होतं. ते आवरणाच्या स्निग्ध थरात बसलेलं असतं. नुसत्या पाण्यात आणलं की गोळा होतं, पाणी गढूळ होतं. डिटर्जंट, म्हणजे प्रयोगशाळेतला सौम्य साबण, त्याला अंगरख्यासारखं लपेटतं, तेव्हाच ते पाण्यात टिकतं.

शहरात पीएच.डी. करताना हेच प्रथिन माझ्या हातून गढूळ झालं होतं. गाईड म्हणाले, "कोयत्याचा हात तुझा. नाजूक काम जमायचं नाही." माझे आईवडील ऊस तोडायचे, हे त्यांना ठाऊक होतं. काम दुसऱ्याला दिलं. मी दार आपटून निघाले. दुसऱ्या विषयावर पदवी मिळवली, पण ते वाक्य अजून गिळलेलं नाही. इथं, आष्टीत, ते प्रथिन काढून दाखवायचं होतं.

डिटर्जंटची एवढीशी बाटली विक्रेत्याशी आठवडाभर भांडून घेतली. प्रथिन आवरणातून सुटलं, नळीतल्या, त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांना चिकटलं. आता भोवतीची घाण फक्त पाण्यानं धुवायची, मग डिटर्जंट कशाला नासायचं? शेवटच्या धुण्यात घातलंच नाही. तासाभरात नळीत गढूळ ताक.

विक्रेत्यावर फोनवर ओरडले, "भेसळ विकता?"

"ताई, प्रत्येक पाण्यात घातलं होतं ना?"

मी फोन ठेवला.

भोवतीच्या पाण्यात डिटर्जंट कमी पडलं की अंगरखा सुटतो. हे मी वर्गात शिकवते. हात मात्र वेगळंच शिकला होता. शहरात गाईडची डिटर्जंटची बाटली कुलपात असे. इतरांना मागतील तेवढं, मला चिमूटभर; शेवटच्या धुण्याला उरायचंच नाही. वर "पुरवून वापर". ती काटकसर मी शहाणपण समजून जपली. आता बाटली माझी, कपाट माझं, माप अजून त्यांचंच.

पुढच्या बाजारी पुन्हा रक्त आणलं. मामूंशी भावावरून वाजलंच. डिटर्जंट मात्र प्रत्येक पाण्यात घातलं.

सकाळी बर्फातली नळी खिडकीशी धरली. तिच्या आरपार बाहेरचा लिंब दिसत होता. फोटो काढून गाईडना पाठवला. खाली लिहिलं, "या वेळी शेवटच्या पाण्यातही डिटर्जंट होतं."