न बोलण्याचा नियम

निलंग्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी लोखंडी पेटी स्वतः टपावर चढवली. पेटीवर आदल्या दिवशी त्यांनी माझं नाव रंगवलं होतं. रंग अजून ओला होता आणि खाली उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीला पिवळा डाग लागलेला. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "वेळेवर जेवत जा. अन् अक्षर बिघडू देऊ नको, माय." लेकीला ते मायच म्हणायचे. आई मागे उभी होती. २००४ सालचा जून होता.

तुमच्यापैकी जे निलंग्यातच राहिले, ते मला आजही विचारतात की पोरी, तू तिकडे नक्की शिकलीस तरी काय? डॉक्टरकी नाही, इंजिनिअरिंग नाही, बी.एड. नाही. मी दरवेळी हसून टाळते. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना डिजिटल डिझाइन म्हटलं की कळतं, पण तेही पुढचं विचारत नाहीत. आज दोघांनाही सांगते.

मुळशीतल्या एका टेकडीवर आमचं कॉलेज होतं आणि मी नांद्याला मंदाकाकूंकडे खोली घेऊन राहत होते. काकूंचं घर शेतकऱ्याचं. भाताची खाचरं थेट माझ्या खिडकीपर्यंत यायची आणि त्यांच्या पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती उठत होत्या. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "बिनघोर ऱ्हा हितं. कुनी काय म्हन्लं तर मला सांग, मी बघती त्याच्याकडं."

पहिलं वर्ष मला सोपं गेलं. कागदावर रेघा मारा, रंगांचं चक्र करा, दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा किती सोडायची ते बघा. शहरातली मुलं रडकुंडीला यायची. मी लहानपणापासून अण्णांसोबत भिंतींपाशी उभी राहिलेली. गावात त्यांना सगळे पेंटरच म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मागची फळी, सगळीकडे त्यांचंच अक्षर. खडू लावलेली दोरी ताणून ते रेघ मारत आणि वेलांटी एका दमात खाली आणत. मॅडमनी माझा 'क्ष' सगळ्या वर्गाला दाखवला तेव्हा मी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन करून अण्णांना बोलावून घेतलं होतं. "तुमचा क्ष पास झाला," मी म्हणाले. ते खूप वेळ हसत होते.

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर आला. एका सेकंदाच्या हालचालीसाठी चोवीस चित्रं लागतात, बटणाचा रंग कुठला ठेवला की बोट तिकडे जातं, हे कळलं. आणि तिसऱ्या वर्षी आला तो विषय ज्यावर आज माझं पोट चालतं. युजर टेस्टिंग. तुम्ही केलेली स्क्रीन एखाद्या अनोळखी माणसापुढे ठेवायची, त्याला एक काम सांगायचं आणि बाजूला बसून नुसतं बघायचं. मॅडमचं वाक्य आमच्या वहीत पहिल्या पानावर होतं: युजर कधी चुकत नाही, चुकते ती स्क्रीन. आणि नियम एकच. मदत करायची नाही. बोट दाखवायचं नाही, मान डोलवायची नाही, त्याने विचारलं तरी बोलायचं नाही. आपण बोललो की चाचणी वाया.

माझा प्रोजेक्ट म्हणजे एसटी स्टँडवर ठेवायची चौकशीची स्क्रीन. बोट लावा, गावाचं पहिलं अक्षर निवडा, गाडीची वेळ बघा. कॉम्प्युटर कधी न वापरलेली पाच माणसं हवी होती. कँटीनचे दोघे झाले, गेटवरचा वॉचमन झाला, काकूही येऊन गेल्या. पाचवं माणूस मिळेना. आणि नेमके चाचणीच्या सकाळी अण्णा न कळवता आले. हातात धपाट्यांचा डबा, खांद्याला पिशवी. मला भारी आनंद झाला. मी म्हणाले, "अण्णा, माझं एक छोटं काम कराल?" त्यांनी काकूंच्या मोरीत तोंड धुतलं, भांग पाडला आणि पिशवीतला नवा शर्ट घातला.

वर्गात वीसेक मुलं, मॅडम, मध्ये खुर्ची आणि स्क्रीन. काम दिलं: निलंग्याची गाडी शोधा. त्यांनी 'न' बघितला आणि हसून म्हणाले, "ह्या न ची गाठ बारीक झालीय." मुलं हसली. मग त्यांनी अक्षर दाबलं आणि गावांची यादी आली, नगरपासून सुरू होणारी. निलंगा खाली, स्क्रीनच्या बाहेर होतं. यादी बोटाने वर सरकवायची असते हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा 'न' दाबला. पुन्हा तीच यादी. रुमाल काढून त्यांनी आधी बोट पुसलं, मग काच पुसली. बोटाला चिकटलेल्या रंगानेच काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटलं असावं.

मग ते माझ्याकडे वळले. "माय, पुढं काय करू?"

मी मान खाली घातली आणि कागदावर लिहिलं: मदत मागितली, दोन मिनिटे दहा सेकंद.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता तेही मी लिहिलं. शेवटी ते उठले, मॅडमना हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा बाई, मला जमंना." रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक युजरसाठी आम्ही वाजवायचो. मला चर्चेला थांबायचं होतं म्हणून मी त्यांच्या हातात खोलीची किल्ली दिली. "तुम्ही जेवून घ्या, मी आलेच."

चर्चेत मॅडम म्हणाल्या, सगळ्यात स्वच्छ निरीक्षण हिचं आहे. मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

खोलीवर आले तर अण्णा गेलेले. काकू म्हणाल्या, दुपारच्या गाडीने गेले, काम आहे म्हणाले. डबा टेबलावर तसाच होता. पुढच्या फोनवर मी त्या दिवसाचा विषय काढला नाही. काढण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

त्याच वर्षी निलंग्यात फ्लेक्सचं मशीन आलं. सहा महिन्यांत अण्णांच्या हातचं काम संपलं. ते बियाण्याच्या गोदामावर वॉचमन म्हणून जायला लागले. पुढच्या वर्षी मी डिग्री घेतली, हिंजवडीत नोकरी धरली, नांद्याची खोली तीच ठेवली. त्यांना पुष्कळदा म्हणाले, चार दिवस या की. "तितं माझं काय काम, माय," एवढंच म्हणायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गोदामाच्या फाटकापाशी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा ठरला आणि सगळे म्हणाले, तुझ्याशिवाय कोण करणार. मी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसले. मशीनवर आठ-दहा फाँट होते. त्यातल्या एकात मी माझ्या बापाचं नाव लिहिलं. 'श्रद्धांजली'तला 'द्ध' फुटून आला, तो सुधारण्यात अर्धा तास गेला. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा लोक म्हणाले, झकास झालाय.

तेरावं करून नांद्याला परतले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. समोरची खाचरं तोवर बुजवलेली, तिथे आता सळया उभ्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुजा बा त्या दिशी हितंच बसला व्हता," त्या म्हणाल्या. "च्या बी घेतला न्हाई. मला म्हन्ला, गावात बोर्डाचं मशीन येतंय, पोरीकडनं काम्पुटर शिकून घ्यावा म्हनून आल्तो. आट दिस ऱ्हानार व्हतो. पर मला न्हाई जमायचं."

काकू समोरच्या सळयांकडे बघत होत्या.

"आनि म्हन्ला, दोनदा इचारलं तिला. वर सुदिक बघितलं न्हाई तिनं. येवड्या मान्सांत माजी लाज वाटली आसंल लेकराला."

"काकू, तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"आगं, मला वाटलं, बापलेकीचं तुमचं बोलनं झालं आसंल."

चाचणीत बोलायचं नाही असा नियम आहे, एवढं एक वाक्य होतं. खोलीची किल्ली देताना सांगितलं असतं तरी चाललं असतं. फोनवर तीन वर्षं होती.

आता आई एकटीच निलंग्याला असते. दर रविवारी फोन करते. गावातलं सगळं सांगते, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, आणि शेवटी विचारते, "कधी येतीस?" मी म्हणते, "सुट्टी मिळाली की येते." ती बरं म्हणते.

सुट्टी शिल्लक आहे. पुष्कळ आहे. पण गेले तर अण्णा तेव्हा आठ दिवसांऐवजी त्याच दिवशी का परतले, ते आईला सांगावं लागेल. मी अर्ज करत नाही.